ते तीन रुपये कशाचे?

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. इंदूरला आमच्या घरी संध्याकाळचा अभ्यासवर्ग आटोपला, मंडळी पांगली, पण माझा भाचा चटया गुंडाळत रेंगाळत राहिला. त्याला काहीतरी बोलायचे आहे हे दिसत होते. शेवटी म्हणाला, "मावशी, तू बँकेत होतीस. पगाराचे खाते गोठवले तर काय करायचे असते?"

पगार जमा झाला होता, मोबाइलवर आकडा दिसत होता, पण एक रुपया काढता येत नव्हता. घराचा हप्ता चुकला होता. शाखेत विचारले तर एवढेच कळले की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलीस ठाण्याकडून सूचना आली आहे आणि बँकेच्या हातात काही नाही.

भाचा वर्षभर फावल्या वेळात क्रिप्टोची खरेदी-विक्री करत होता. बिटकॉइनच्या चढउतारावर पैसे लावणे त्याला पसंत नव्हते, तो जुगार आहे असे तोच इतरांना सांगे. तो यूएसडीटी घेई आणि विके. हे टेथर नावाच्या कंपनीचे नाणे. एका नाण्याची किंमत एका डॉलरइतकी राहावी अशी त्याची रचना आहे. भारतातल्या नोंदणीकृत एक्स्चेंजवर तो ते ८८ रुपयांना घेई आणि एका परदेशी ॲपवर अनोळखी माणसाला ९१ रुपयांना विके. या थेट सौद्याला पी-टू-पी म्हणतात. विकणाऱ्याची नाणी ॲप अडकवून ठेवते, घेणारा यूपीआयने रुपये सरळ विकणाऱ्याच्या बँक खात्यात पाठवतो, 'पैसे मिळाले' असे विकणाऱ्याने कळवले की नाणी सुटतात. रात्री जेवण झाल्यावर एखाद-दुसरा सौदा. पाचशे नाण्यांमागे दीड हजार रुपये सुटत.

अशाच एका रात्री पाचशे नाण्यांचे ४५,५०० रुपये त्याच्या खात्यात आले होते. ते पैसे एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचे होते. तिला कोणी 'डिजिटल अरेस्ट'मध्ये ठेवले होते. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस, खोटे वॉरंट, आणि 'चौकशी होईपर्यंत रक्कम सरकारी खात्यात ठेवा' हा हुकूम. कायद्यात अशी कोणतीही अटक नसते. त्याच ऑक्टोबर महिन्यात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लोकांना याबद्दल सावध केले होते. त्या बाईंपर्यंत ते पोचायला उशीर झाला. सहा लाख गेले.

आपल्या वाचकांपैकी ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फसवणूक झालेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवतो. मग पैसा ज्या ज्या खात्यातून पुढे गेला त्या प्रत्येक बँकेला क्रमाने कळवले जाते. पहिले खाते बहुधा कोणीतरी भाड्याने दिलेले असते. तिथून पैसे दहा ठिकाणी फुटतात, काही रोखीने निघतात, काहींची नाणी विकत घेतली जातात आणि ती नाणी काही मिनिटांत परदेशी पोचतात. मागे राहतो तो नाणी विकणारा, कारण त्याचे खाते खरे असते, नाव-पत्ता खरा असतो आणि पैसे तो जपून ठेवतो. सहा लाखांपैकी पोलिसांना सहज हाती लागतील असे जे थोडे पैसे उरले होते, त्यांत माझ्या भाच्याचे ४५,५०० होते.

"माझी चूक काय, ते तू सांग," तो म्हणाला. "मी तिला फसवले नाही. तिचे नावही मला माहीत नव्हते. मी पाचशे नाणी दिली आणि त्यांचे पैसे घेतले. आता ते परत केले तर माझी नाणीही गेली आणि पैसेही गेले. म्हणजे तिच्या चुकीचा दंड मी भरायचा?"

प्रश्न खरा होता. आपण अशा वेळी चटकन 'लोभाचे फळ' म्हणून मोकळे होतो. गेनबिटकॉइनसारख्या प्रकरणात ते म्हणणे सोपेही असते. दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असे आश्वासन देणाऱ्या त्या योजनेत पुणे-नांदेडपासून दिल्लीपर्यंतच्या लोकांनी पैसे ओतले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. महिन्याला दहा टक्के कोठून येणार, हा प्रश्न पाचवीतल्या मुलालाही पडावा. पण इथे तसे काही नव्हते. भाचा झटपट श्रीमंत व्हायला निघाला नव्हता. भाजीवाला घाऊक बाजारात घेतो आणि पेठेत विकतो, तेच आपण करतो, असे त्याला मनापासून वाटत होते.

तो बेकायदा काही करत होता का, हा आमच्या घरातला पहिला वाद. त्याचे वडील म्हणत होते की क्रिप्टो भारतात बंद आहे. तसे नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, विक्रीच्या रकमेवर एक टक्का कपात आहे, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली ग्राहकाची ओळख पटवून घ्यावी लागते. कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नाही, हे अर्थमंत्र्यांनी त्या वेळीच संसदेत सांगितले होते. लोकांनी मात्र कराची पावती हाच परवाना धरला. त्या परदेशी ॲपवरच्या सौद्यांतून कोणी एक टक्का कापत नव्हते आणि भाच्यानेही तो नफा विवरणपत्रात दाखवला नव्हता. ते त्याने नंतर दुरुस्त केले, व्याजासह. तो भाग मी इथेच सोडते, कारण त्यात विचार करण्यासारखे काही नाही. जे भरायचे ते भरायचे.

अवघड प्रश्न त्या ४५,५०० रुपयांचा आहे. दोन माणसे आहेत, दोघांनीही चोरी केलेली नाही, चोर पसार आहे. तोटा कोणाचा?

चोरीची सायकल कोणी विकत घेतली तर ती मूळ मालकाला परत द्यावी लागते, मग घेणाऱ्याने पुरे पैसे मोजलेले का असेनात. विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती तो देऊ शकत नाही. पैशाला मात्र कायदा वेगळा नियम लावतो. इंग्लंडमध्ये १७५८ साली मिलर विरुद्ध रेस हा खटला झाला. डाक लुटली गेली होती, त्यातली एक बँकनोट हातोहात फिरत एका खानावळवाल्याकडे आली. त्याने ती पुऱ्या मोबदल्यात, काहीही माहीत नसताना घेतली होती. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल दिला की नोट खानावळवाल्याचीच. तसे नसते तर बाजारात कोणी कोणाकडून नोट घेतलीच नसती. भाजीवाल्याला प्रत्येक शंभराच्या नोटेचा इतिहास विचारावा लागला असता. आपल्याकडेही १९३० च्या मालविक्री कायद्यात 'माल' या शब्दातून पैसा वगळलेला आहे.

हे मी भाच्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उजळला. पण त्या निकालाला एक अट आहे. घेणाऱ्याने नोट सद्भावाने घेतलेली असली पाहिजे.

सद्भाव म्हणजे काय? याची आपल्या कायद्यांत दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि बँकेच्या परीक्षांसाठी ती पाठ केली तेव्हा मला त्यांतले अंतर कळले नव्हते. १८९७ चा सामान्य परिभाषा कायदा म्हणतो की गोष्ट प्रामाणिकपणे केलेली असेल तर ती सद्भावाने केली असे समजावे, मग त्यात हयगय झालेली असो वा नसो. जुन्या दंडसंहितेचे ५२ वे कलम मात्र म्हणत होते की योग्य काळजी आणि लक्ष दिल्याशिवाय केलेली गोष्ट सद्भावाने केली असे म्हणताच येणार नाही. दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली तरी ती व्याख्या टिकली आहे. एका व्याख्येला मन स्वच्छ असले की पुरते. दुसरी विचारते, मन स्वच्छ होते हे ठीक, पण डोळे उघडे होते का?

आपल्या साधनेत ही दुसरी व्याख्या फार जुनी आहे. पतंजलींनी चित्त विचलित करणाऱ्या नऊ अंतरायांत प्रमाद मोजला आहे. प्रमादात दुष्टपणा नसतो. लक्ष द्यायचे तिथे न देणे, एवढेच असते. अस्तेयाचा अर्थ आपण 'चोरी न करणे' असा करतो आणि आपण चोर नाही म्हणून तो यम पार पडला असे धरतो. पण जे माझे नाही ते माझ्याकडे येत असताना मी तिकडे न बघणे, हे अस्तेयात बसते का? मी भाच्याला विचारले, "त्या रात्री तुला काही दिसले होते का?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने मोबाइल पुढे केला. ॲपवर घेणाऱ्याचे नाव एक होते आणि पैसे ज्या खात्यातून आले त्यावर नाव दुसरेच, एका बाईचे. ॲपचा स्वतःचाच नियम असा की नावे जुळली नाहीत तर नाणी सोडू नयेत. त्याने विचारलेही होते. समोरून उत्तर आले होते : 'बहिणीच्या खात्यातून पाठवले भाऊ, जल्दी रिलीज करो.' रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी लवकर कामावर जायचे होते. त्याने नाणी सोडली.

तेव्हा मी ते तीन रुपये काढले. जो माणूस ९१ रुपये देतो त्याला तेच नाणे नोंदणीकृत एक्स्चेंजवर ८८ ला मिळत होते. मग तो तीन रुपये जास्त का देतो? भाचा हुशार आहे, त्याच्याकडे उत्तरे तयार होती. काही एक्स्चेंज नवीन ग्राहकाला नाणी बाहेर काढायला दिवस-दोन दिवस थांबवतात, कोणाला घाई असते. कोणाला पॅन जोडायचे नसते, कोणाला तो एक टक्का वाचवायचा असतो. खरे आहे, जास्त दर देणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. पण ही सगळी कारणे एकत्र ठेवून बघितली की एक गोष्ट उरते. एक्स्चेंज विचारते, तू कोण आणि पैसे कोठले. भाचा विचारत नव्हता. न विचारण्याचे ते तीन रुपये होते. भाजीवाल्याला नोटेचा इतिहास न विचारण्याचे कोणी जास्त पैसे देत नाही. दिले तर त्याने विचारावेच.

हे बोलताना मला स्वतःचे एक जुने प्रकरण आठवत होते आणि ते न सांगता पुढे गेले तर हा लेख खोटा ठरेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा मी काउंटरवर होते. घरकाम करणारी एक बाई तिच्या जनधन खात्यात ४९,००० रुपये भरायला आली. पन्नास हजारांच्या वर गेले की तेव्हा पॅन लागे, हे तिला कोणी शिकवले होते, हे मला समजत होते. वर्षभर तिच्या खात्यात दोनशे रुपयेही नव्हते. मी "पैसे कोणाचे?" असे विचारले, ती "माझेच" म्हणाली, मी नोटा मोजल्या, शिक्का मारला. बाहेर रांग रस्त्यापर्यंत गेली होती. नियम मी मोडला नाही. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, घाबरलेली, हातात खुलासा मागणारे पत्र. ज्यांचे पैसे होते ते आता ओळख दाखवत नव्हते. तिला त्या कामाचे पाचशे रुपये मिळाले होते. मला काहीच मिळाले नव्हते, फक्त रांग एका माणसाने कमी झाली होती. न विचारण्याची किंमत प्रत्येक वेळी रुपयांतच मिळते असे नाही.

मध्यंतरी भाचा टेलिग्रामवरच्या एका गटात सल्ला विचारत होता. खाती गोठलेली शेकडो मुले तिथे आहेत. तिथला सर्वांत चालणारा सल्ला असा : क्रिप्टोचे नाव काढू नका, जुना लॅपटॉप विकल्याची पावती तयार करा. पावतीचा नमुनासुद्धा फिरत होता. दुसऱ्या एकाने 'पोलीस ठाण्यात आपली ओळख आहे, १५ हजारांत खाते उघडून देतो' असा निरोप पाठवला. फसलेल्यांना पुन्हा फसवणारे असे लोक या गटांत टपून असतात. त्यांना पैसे देऊ नका, हे मी आपल्या सगळ्यांना हात जोडून सांगते. लॅपटॉपच्या पावतीबद्दल मात्र घरात दोन दिवस चर्चा झाली. भाच्याचे वडील, जे आयुष्यभर कोर्टात टायपिस्ट होते, म्हणाले, "आत्तापर्यंत तू साक्षीदार आहेस. ती पावती दिलीस की आरोपी होशील." व्यवहार्य सल्ला, आणि बरोबर. पण भाच्याने ती पावती केली नाही त्याचे कारण त्याने मला वेगळे सांगितले. त्या पावतीवर खरेदीदार म्हणून त्या अनोळखी बाईचे नाव लिहावे लागणार होते, जिचे खाते वापरले गेले होते. तीही कोणाच्या घरी काम करणारी असेल, असे त्याला वाटले.

त्याने पोलीस ठाण्याला खरे पत्र लिहिले. सौद्याची नोंद, नाणी कोठून घेतली त्याचा उतारा, ॲपवरचे संभाषण, 'बहिणीच्या खात्यातून'सकट. सोबत विनंती केली की वादातली रक्कम तेवढी रोखून बाकी खाते मोकळे करावे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले आहे, संशयित रक्कम रोखा, माणसाचे अख्खे खाते नको. तीन आठवड्यांनी पगार मोकळा झाला, ४५,५०० वर टाच राहिली.

मग तपास अधिकाऱ्यांचा फोन आला. त्या शिक्षिकेने रक्कम परत मिळावी म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. तुमची हरकत आहे की नाही ते लेखी कळवा. हरकत घेतली असती तर प्रकरण लांबले असते आणि कदाचित, मॅन्सफिल्डच्या त्या जुन्या तत्त्वावर, भाच्याच्या बाजूने काही लागलेही असते. त्याने प्रथम एक मधला मार्ग काढला. नफा दीड हजार होता, तेवढा मी देतो. बाकीचे तर मी नाण्यांसाठी खरोखर मोजलेले पैसे आहेत. मला तो हिशेब पटला नाही. तिच्याकडून गेले ते दीड हजार नव्हते. आणि नाणी साडेअकरा वाजता सोडली नसती तर ती चोरापर्यंत पोचलीच नसती. त्या एका क्षणी दोघांपैकी एकाच्या हातात ते थांबवणे होते, आणि तो एक जण ती शिक्षिका नव्हती. घाबरवून, झोपू न देता तिच्याकडून पैसे काढले गेले. याला कोणी घाबरवले नव्हते, फक्त झोप येत होती.

हे मी त्याला म्हटले आणि लगेच वाटले की आपण फार कठोर झालो. त्याच्या जागी मी असते तर? काउंटरवर मी होतेच.

तो दोन दिवसांनी 'हरकत नाही' लिहून आला. पोस्टातून येताना थेट आमच्याकडे, बायकोला घेऊन. ती शांत होती, पण रागात होती, आणि तिचा राग मला रास्त वाटला. घरात लहान मूल आहे, चुकलेल्या हप्त्याचा दंड वेगळा बसला आहे, आणि पंचेचाळीस हजार म्हणजे त्यांची वर्षभराची शिल्लक. चहा ठेवायला मी उठले तर ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? ज्याने त्या बाईंना फोन केला त्याने खाल्ले. ज्याने खाते भाड्याने दिले त्याने खाल्ले. त्या ॲपवाल्यांनीही काहीतरी कमावलेच असेल. तुमच्या बँकेने तर साडेचार महिने व्याज दिले नसते तरी पैसे स्वतःकडेच ठेवले. भरायचे मात्र आम्हीच. यात धर्म कुठे आहे, ते मला सांगा."

मी गॅस बारीक केला. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि ते मी तिला सांगितले. भाचा म्हणाला, "साहेबांना मी विचारले होते, हे पैसे कोणाकडून आले ते त्या बाईंना कळेल का. ते म्हणाले, तिला फक्त रक्कम दिसेल." ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने मला विचारले की सहा लाखांपैकी बाकीचे त्यांना मिळतील का. मी म्हटले, फार थोडे. मग तिनेच कप धुऊन पुढे ठेवले.